अण्णांची झोप आणि दोन दारांची गाडी

गाडीतलं आपल्याला काही कळत नाही, हे समोरच्याला कळू नये म्हणून मी बॉनेटवर टिचकी मारली. आई बाजारात माठ घेताना अशीच टिचकी मारायची. आवाज ऐकून मान हलवायची आणि माठवाला निमूटपणे भाव उतरवायचा. मीही टिचकी मारली, कान जवळ नेला, जाणत्यासारखी मान हलवली, आणि बॉनेटच्या कडेचा दोन बोटांएवढा लाल टवका अलगद सुटून माझ्या तळहातात आला. मुनीर मिस्त्री तेव्हा पाठमोरा होऊन चावी शोधत होता. सरळ माणसानं ‘मिस्त्री, हे निघालं बघा’ म्हणून दाखवलं असतं. मी तो तुकडा पँटच्या खिशात टाकला आणि पलीकडे जाऊन मागच्या टायरकडे गंभीरपणे पाहत उभा राहिलो. आपण जी गाडी विकत घ्यायला आलोय, तिचाच मोडका भाग तिच्या विकणाऱ्यापासून लपवायचा, हा उद्योग माझ्याआधी कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

माणसं आपल्या मोठं होण्याची हकिगत सोळाव्या-सतराव्या वर्षाशी आणून संपवतात. मला जरा वेळ लागला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, एका टॉवेल निर्यातवाल्याच्या ऑफिसात कारकून होतो, लग्न होऊन सहा महिने झाले होते, आणि मिशा ठेवाव्यात की काढाव्यात हेसुद्धा अजून ठरत नव्हतं. अशा माणसाला विजापूर रोडच्या एका गॅरेजात ती गाडी दिसली.

ती मूळची कुठल्या कंपनीची, हे सांगणं तिच्या आईलाही जमलं नसतं. दोन दारांची, लाल, आणि पोट जमिनीला टेकेल एवढी बुटकी. पुण्याच्या कुणा हौशी पोरानं तिच्यावर काही वर्षं हात साफ केला होता. इंजिन दुसऱ्या गाडीचं, चाकं तिसरीची, सीटा चौथीच्या. मागे आडवा पंख, एक सबंध चादर वाळत घालता येईल असा. मागच्या सीटच्या जागी स्पीकरची भलीमोठी लाकडी पेटी, स्पीकर मात्र कुणीतरी आधीच काढून नेलेले. सायलेन्सरची नळी बदलून तुपाच्या डब्याएवढी जाड बसवलेली, त्यामुळे गाडी चालू केली की गॅरेजच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडायची आणि बराच वेळ परत यायची नाहीत. किंमत इतकी कमी, की त्या पैशात धड मोटरसायकलही आली नसती. एवढी स्वस्त का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण लग्न ठरवताना जे प्रश्न वडीलधारी विचारतात ते मुलगा विचारत नाही, तशातली गत.

“सेठ, आंख मूंदके लेव,” मुनीर मिस्त्री म्हणाला. गोरा, बुटका, दाढीला मेंदी लावलेला माणूस. “ऐसी गाडी पूरे सोलापूर में नक्को ढूंढो, मिलतीच नहीं.”

हे खरंच होतं.

“लेकिन इतवार तक बोल देव. सोमवार को लातूरवाला आनेवाला है.”

हा लातूरवाला पुढे चार दिवस माझ्या डोक्यात बसला. मी त्याला पाहिलेलं नव्हतं, पण त्याचा मला भयंकर राग यायचा.

गाडी ठेवायची कुठे, हे मात्र मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. घरामागच्या शेडमध्ये. तिथे चार महिन्यांपूर्वीपर्यंत आमचे माग होते.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातून पोरवयात सोलापूरला आले आणि यंत्रमागाच्या कारखान्यात चिकटले. सुताच्या कांड्या भरण्यापासून सुरुवात करून ते जॉबर झाले. जॉबर म्हणजे माग बिघडला की बघणारा, जोडणारा, चालता करणारा माणूस. अण्णा मागाच्या लोखंडावर नुसता तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, ‘हितं झिजलंय.’ उघडून बघितलं की तिथेच झिजलेलं असायचं. पुढे त्यांनी जुने चार माग घेतले, घरामागे पत्र्याची शेड टाकली, आणि माझा जन्म, बारसं, शाळा, परीक्षा, लग्न, सगळं त्या चार मागांच्या खडखडाटात झालं. आमच्या घरात भिंती थरथरायच्या. फळीवरची पितळेची भांडी दिवसभरात हळूहळू पुढे सरकत यायची आणि आई संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती एकेक करून मागे ढकलायची. कुणी कुणाशी हळू बोलायचा प्रश्नच नव्हता. माझ्या मित्रांना वाटायचं आमच्याकडे सदा भांडणं चालतात. प्रत्यक्षात आई ‘अजून आमटी वाढू का’ एवढंच विचारत असायची. फार लांबून बोलायचं झालं तर खुणा होत्या. दोन्ही तर्जन्या जुळवून एकदम लांब केल्या की धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. आणि हवेत तर्जनी गोल गोल फिरवली की ‘चालू ठेव, थांबवू नको.’ शैला, माझी बायको, लग्न होऊन आली तेव्हा पहिला आठवडा तिचं बोलणं आम्हाला ऐकूच आलं नाही. आई मला बाजूला घेऊन ओरडून म्हणाली, “पोरगी गुणाची हाय, पर घशात कायतरी दोष हाय की काय बाबा!” शैला शेजारीच उभी होती.

मग लग्नानंतर दोन महिन्यांत माग गेले. त्याची कारणं सगळ्या सोलापूरला ठाऊक आहेत, ती मी उगाळत नाही. भंगारवाल्याचा टेंपो आला, माग सुटे होऊन गेले, आणि घर गप्प झालं. एवढं गप्प, की मला पहिल्यांदा कळलं आमच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे. आई मात्र संध्याकाळी भांडी मागे ढकलायची ती ढकलायचीच. भांडी आता जागची हलत नव्हती, तरी.

आणि अण्णांची झोप गेली. दुपारची गेली, रात्रीची गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून तळपायाला तूप चोळून झालं. जॉबर माणूस चार मागांच्या धडधडाटात गाढ झोपतो. त्यातला एक थांबला की ताडकन उठतो. पस्तीस वर्षं अण्णांचं अंग असंच घडलेलं होतं. आता चारही थांबले होते. ते शेडच्या दारात बाजेवर बसून राहायचे, डोळे लाल, समोर अर्धी भाकरी तशीच. रोज थोडे थोडे बारीक होत होते. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नव्हतो. आवाज काढून बोलायची सवय आणि बोलण्यासारखं काही नाही, अशी अवस्था. मला आतून भीती वाटायची की हा माणूस असाच बसल्या बसल्या संपणार. त्या भीतीवर अठ्ठावीस वर्षांच्या माझ्या डोक्यानं शोधलेला उपाय म्हणजे लाल स्पोर्ट्स कार. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी अण्णांसाठी काही शोधत नव्हतोच. मला ती रिकामी शेड बघवत नव्हती आणि तिच्यात काहीतरी झळझळीत आणून ठेवावंसं वाटत होतं. अण्णांनी माग विकून आलेल्या पैशातलं थोडं माझ्या हाती ठेवलं होतं, ‘तुला पायजे ते कर’ म्हणून. मी शेडमध्ये पावलं टाकून लांबी-रुंदी मोजत होतो तेव्हा ते बाजेवरून बघत होते. काय मोजतोस, म्हणून त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी शैलानं माझी पँट धुवायला घेतली. मी जेवायला बसलो होतो. ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, वरून दह्याचा ठिपका. तिनं तो लाल तुकडा ताटाशेजारी ठेवला.

“ही पुट्टी हाय,” ती म्हणाली. तोवर तिचा घसा चांगलाच सुधारला होता.

“कसली पुट्टी?”

“गाडीची. वर रंग, खाली पुट्टी, आन् त्याच्याखाली पत्रा न्हाईच. कुणाच्या गाडीचं बॉनेट खिशात घालून हिंडताय?”

इथे सांगितलं पाहिजे की शैला टेंभुर्णीची. तिच्या वडिलांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं दुकान. मुली अंगणात लंगडी खेळतात, ही जॅकवर चढवलेल्या ट्रकखाली खेळली. लग्नाआधी हे मला सांगितलं होतं; मी ऐकलं होतं, पण मुलगी पाहताना माणूस ट्रककडे लक्ष देत नाही.

मी सगळं कबूल केलं. पंखासकट. लातूरवाल्यासकट. ती शेवटपर्यंत ऐकत होती, फक्त मधून मधून तो तुकडा उलटासुलटा करून बघत होती.

“अण्णांना विचारलं?”

“नाही.”

“आईंना?”

“नाही.”

“मग रविवारी मला दाखवा,” ती म्हणाली आणि पँट घेऊन मोरीत गेली. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा लेकीनं विचारलं, बाबा तुम्ही खरंच स्पोर्ट्स कार चालवलीय? म्हटलं, चालवलीय की, मेंढरांपर्यंत.

रविवारी शैलानं पदर कमरेला खोचला, गॅरेजच्या जमिनीवर पोतं टाकलं आणि सरळ उताणी होऊन गाडीखाली डोकं घातलं. मुनीर मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे. खालून आवाज यायला लागले. “हितं वेल्डिंग केलंय... हे तर रिक्षाचं बसवलंय... मिस्त्री, हा पाईप तारेनं बांधलाय व्हय?”

“वो पहिले से है बाई, मेरा नहीं.”

ती बाहेर आली, हात झटकले. मिस्त्रीनं विचारलं, “बाई, तुमी कुठल्या?”

“टेंभुर्णीची.”

“हौ! हायवेवाली,” मिस्त्री म्हणाला, आणि त्यानंतर तो माझ्याशी एक अक्षरही बोलला नाही. सगळा व्यवहार तिच्याशी. शेवटी ती म्हणाली, “घरात दाखवल्याबिगर आम्ही कायच घेत न्हाई. दोन तास द्या, सासऱ्यांना बसवून आणतो.” मिस्त्रीनं चावी तिच्या हातात दिली. तिनं माझ्या हातात दिली. या दोन हातांच्या मधलं अंतर मला त्या दिवशी नीट समजलं नाही.

मी गाडी गल्लीत आणली. आणली म्हणजे गल्लीनं ती यायच्या आधी पाच मिनिटं ऐकली. आई दारात आली, बघितलं, आत पळाली आणि आरतीचं ताट घेऊन आली. मी ओरडतोय की आई, घेतली नाही अजून, नुसती दाखवायला आणलीय. आमच्या घरात ओरडण्याला काय किंमत? तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, आणि बोट कुंकवात बुडवून बॉनेटवर टेकवायला निघाली. मी मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला म्हटलं, देवा, हलकेच टेकवू दे. टवका पडला नाही. घेतली नसलेली गाडी ओवाळून झाली.

अण्णा बाजेवरून उठून आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग बॉनेटवर, कुंकवाच्या शेजारी, तळहात ठेवला. गाडी चालूच होती. डोळे मिटले. चार महिन्यांत त्यांनी कशावर असा हात ठेवलेला मी पाहिला नव्हता. “चल,” म्हणाले आणि दार उघडून आत बसले. म्हणजे बसायला गेले आणि सीट अपेक्षेपेक्षा एक हात खाली असल्यामुळे धपकन पडले. शैला मागे स्पीकरच्या पेटीवर, गुडघे हनुवटीला लावून. आईनं खिडकीतून भाकऱ्यांचं आणि चटणीचं फडकं आत टाकलं. दोन तासांसाठी कशाला, असं म्हणायचं धाडस कुणाला नव्हतं.

आम्ही मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. थंडीचे दिवस, दुपारचं उबदार ऊन, दोन्ही बाजूला ज्वारी पोटऱ्यात आलेली. आत मात्र काहीही ऐकू येत नव्हतं. तो आवाज नुसता कानात नव्हता, दातांत होता, बरगड्यांत होता. अण्णांनी डॅशबोर्डवर हात पसरला. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे बघून दोन तर्जन्या जुळवल्या आणि लांब केल्या. धागा तुटलाय. मग एक बोट दाखवलं. इंजिनाच्या चार सिलिंडरांतला एक नीट चालत नाही. मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की मी गाडी खड्ड्यात घातली. खालून ‘खर्रर्र’ करून काहीतरी घासलं. मी घाबरून बाजूला बघितलं.

अण्णा झोपले होते.

मान मागे टाकलेली, तोंड उघडं, एक हात अजून डॅशबोर्डवर. पेंग नव्हे, चांगली गाढ, छाती वरखाली होणारी झोप. खड्डा गेला, तिऱ्ह्याचा गतिरोधक गेला, त्यावर गाडीचं पोट असं खरवडलं की माझ्याच पोटात कळ आली. अण्णा हलले नाहीत. मी वेग कमी करायला गेलो. आरशात शैलाचा हात दिसला. डोक्याच्या वर, पत्र्याला टेकलेला. तर्जनी गोल गोल फिरत होती.

ती खूण आम्ही तिला कधी शिकवली नव्हती.

मग मी चालवत राहिलो. दोन तासांचं मिस्त्रीला दिलेलं वचन मागे पडलं. पेट्रोलचा काटा चालत नव्हता. तो पहिल्यापासून अर्ध्यावर होता आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. कामती गेलं. मला लघवी लागली होती, क्लच एवढा जड की पाय लटलटत होता, मिस्त्री आता पोलिसात गेला असेल असं वाटत होतं, आणि तरी आरशात ते बोट फिरतच होतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांबचा प्रवास, आणि मी त्यात कुठेही चाललो नव्हतो. मी आणि शैला त्या दिवशी, मला वाटतं, पहिल्यांदा नवराबायको झालो. तोवर नुसतं लग्न झालेलं होतं.

कामतीच्या पुढे मेंढरं आडवी आली. सबंध रस्ताभर मेंढरं, मागे घोंगडी खांद्यावर टाकलेला धनगर, त्याला काडीची घाई नाही. मी ब्रेक दाबला, क्लच दाबला, गाडी घुरघुरत ठेवली. आणि शेवटचं मेंढरू बाजूला व्हायच्या आधी माझा पाय सुटला. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.

मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज एकदम केवढातरी मोठा झाला. अण्णांनी डोळे उघडले. हात आधीच वर गेला होता, मागाची दांडी धरायला जातो तसा.

“कुटला बंद पडला रं?”

पस्तीस वर्षं झोपेतून उठताना हेच पहिलं वाक्य. मी समोर मेंढरांकडे बघत राहिलो.

“एकच बंद पडलाय अण्णा,” मागून शैला म्हणाली. “चालू करू की.”

अण्णांनी हात खाली घेतला. खिडकीबाहेर बघितलं, ज्वारी बघितली, मेंढरं बघितली. सगळं त्यांच्या लक्षात आलं ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, “लई दिसांनी लागली बग.” आणि मग, “भूक लागलीया.”

बांधाला बसून आम्ही फडकं सोडलं. अण्णांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या. धनगर येऊन गाडीकडे बघत उभा राहिला. “ही अशी खाली का बसली? पाय मोडलं का काय हिचं?”

“न्हाय बा,” अण्णा म्हणाले, “ही अशीच असतीया म्हनं.” आणि हसले. मग ठसका लागेपर्यंत हसले.

गाडी मात्र चालू होईना. मी चावी फिरवून फिरवून दमलो. अण्णा उठले, खिशातून पाना काढला. माग जाऊन चार महिने झाले होते, तरी पाना खिशात होता. शैलानं पदर खोचला. दोघं बॉनेटमध्ये वाकली, आणि मी बॉनेट वर धरून उभा राहिलो, कारण ते धरून ठेवणारी दांडी त्या पुण्याच्या पोरानं काढून टाकली होती.

“पोरी, हितं हात ठिव. कळतंय?”

“व्हय. मार खातंय हितं.”

“मार खातंय! बराबर. आता ही तार बग.”

सहा महिन्यांत सासरा-सुनेचं एवढं बोलणं झालं नव्हतं. अर्ध्या तासानं गाडी चालू झाली, मेंढरं पुन्हा एकदा पांगली, आणि अण्णांनी बोटानं मला मागे जायची खूण केली. परत येताना शैलानं चालवली. वडिलांचा टेंपो चालवून तयार झालेला हात. गतिरोधकावर गाडी तिरकी घेऊन अशी उतरवायची की पोट टेकायचं नाही. मी स्पीकरच्या पेटीवर, गुडघे कानाशी. गल्लीतल्या ओळखीच्या दोघांनी मला त्या अवस्थेत पाहिलं आणि त्यातला एक अजूनही माझ्याकडे बघून गुडघे वर घेतो.

गॅरेजपाशी उतरल्या उतरल्या मी शैलाला बाजूला घेतलं. “घेऊन टाकू. अण्णा झोपतात हिच्यात. आता तर नाही म्हणू नकोस!”

“रोज दुपारी हापिस सोडून तुम्ही त्यांना मेंढरांपर्यंत फिरवणार?”

“फिरवीन.”

“आन् पेट्रोल?”

मी अण्णांकडे गेलो. आयुष्यात त्यांच्याकडे मी फार काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या आवाजात जरा पोरकटपणा आला असावा. “अण्णा, घेऊ का?”

ते गाडीवर हात ठेवून उभे होते. “तुला पायजे असली तर घे. पर मला इचारशील तर ही अजून गाडी झालीच न्हाय. चौघींचं तुकडं एका जागी आनून ठेवल्यात. ह्यांची अजून एकमेकींशी वळख व्हायचीय.” आणि मग मिस्त्रीकडे वळून, “इंजिन चांगलं हाय, बसवनाऱ्यानं वाकडं बसवलंय. काढून परत बसवाय पायजे.”

“मालूम है अण्णा,” मुनीर मिस्त्री म्हणाला. “लेकिन किस के पास टाइम है?”

अण्णांनी खिशातला पाना चाचपला.

“मिस्त्री,” मी विचारलं, “लातूरवाला उद्या येणार आहे ना?”

मिस्त्रीनं दाढी खाजवली. “सच बोलूं? लातूरवाला कोई नहीं है.”

गाडी घेतली नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि माझ्या वाटणीचं अण्णांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता अण्णा सदरा घालून दारात उभे. कुठे, म्हणून कुणी विचारलं नाही. शैलानं डबा पुढे केला. तो तिनं कधी भरला कुणाला ठाऊक. त्या दिवसापासून ते रोज गॅरेजात जायला लागले. मुनीर मिस्त्री आणि ते, एकाला मराठी कमी, दुसऱ्याला ऐकायला कमी, त्यामुळे दोघांचं छान जमलं. दुपारी डबा खाऊन अण्णा त्या लाल गाडीच्याच सीटवर आडवे व्हायचे, शेजारी कुणाचं तरी इंजिन धडधडत असायचं, आणि ते बंद पडलं की उठून बघायला जायचे. संध्याकाळी घरी येताना हाताला ग्रीसचा वास. आई म्हणायची, “आंघूळ करा आदी!” आणि आपण काहीतरी कडक बोललो या समाधानात भांडी मागे ढकलायला जायची.

मीही दर रविवारी जाऊन गाडी बघून यायचो. माझा हिशेब साधा होता: अण्णा ती नीट करतील, मग मी घेईन. आणि अण्णांनी ती नीट केली. इंजिन काढून सरळ बसवलं. रिक्षाचं जे होतं ते रिक्षाला गेलं. पुट्टी खरवडून तिच्या जागी खरा पत्रा आला. पावसाळा सरेपर्यंत ती गाडी अशी झाली की चालू केली तरी कबुतरं बसून राहायची. आता किंमत काय, म्हणून मी मिस्त्रीला विचारलं. त्यानं सांगितली. माझ्या वडिलांनी ती गाडी इतकी चांगली केली होती की मला परवडत नव्हती.

आणि मग एका शनिवारी दुपारी, लातूरवाला आला. खराखुरा. जाडजूड, पांढऱ्या कपड्यातला, टिचकी वगैरे न मारता सरळ पैसे काढणारा. मी ऑफिसातून जेवायला निघालो होतो, गॅरेजवरून गेलो, तर माझ्या डोळ्यांदेखत तो माझ्या गाडीत बसला आणि निघून गेला. मिस्त्रीनं सौदा ठरल्याच्या आनंदात अण्णांना आधीच घरी पाठवलं होतं आणि आता गॅरेजही लवकर बंद केलं.

मी तसाच घरी आलो. दारातूनच सुरू केलं, मागांच्या दिवसांतला सगळा आवाज काढून: कुणी मला सांगितलं का नाही, अण्णांना माहीत होतं की नव्हतं, ती माझी गाडी होती, मी आधी पाहिली होती, आणि या घरात माझ्या मनासारखं एक तरी...

शैला शेडकडच्या दारात उभी होती. तिच्या मागे अण्णांची बाज दिसत होती, आणि सगळं घर गप्प होतं, भिंतीवरचं घड्याळ ऐकू येईल इतकं. तिनं ओठावर बोट ठेवलं. ही खूण आमच्या घरात नव्हती.

“हळू बोला,” ती म्हणाली, “अण्णा झोपलेत.”